गाव कुठल्या बाजूचं

अव्वा, दोन महिन्यांपूर्वी ग्रामसभेत मी कन्नडमध्ये बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही समोर बायकांत बसला असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात, आणि घरी आल्यावर माझ्या चुका काढल्या असत्यात. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी एखादं काम तडीस गेलं की मला ते आधी सासूला सांगावंसं वाटतं. म्हणून लिहायला बसले आहे.

मी मोडनिंबहून लग्न होऊन अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला, तुमच्या या गावात आले, तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. वाटायचं, जिल्हा एकच, मग बोलणंही एकच असणार. पहिल्याच सकाळी तुम्ही चुलीपुढून म्हणालात, “नीर तगोंड बा.” पाणी घेऊन ये, एवढंच. मी पाणी आणायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघत उभी. मग तुम्ही माझ्यासाठी मराठी बोलायला लागलात, तुमची ती मराठी, जिच्यात म्हैस आलं, पोरगी गेलं, सूनबाई जेवलं. एकदा मला हसू आवरलं नाही. भाकरी थापता थापता तुमचा हात थांबला. आवाज न चढवता म्हणालात, “आता तू माज्या भाषेत एक वाक्य बोल की. मग दोगी मिळून हासू.” मला बोलता येईना. त्या दिवसापासून मी शिकायला लागले, शेजारणींकडून, शेतावरच्या बायकांकडून, सगळ्यात जास्त तुमच्या ओरडण्यातून. वर्षभरानं बाजारात मी बांगडीवाल्याशी कन्नडमध्ये कडकडून भांडले. तुम्ही मागं उभ्या राहून ऐकत होतात. भांडण संपल्यावर समोरच्या दुकानात शिरलात आणि मला हिरवी इरकल घेतलीत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो जनगणनेचा दिवस. शाळेचे गुरुजी कट्ट्यावर बसून एकेकाचं नाव विचारतायत, मी दारात उभी, लेक माझ्या कडेवर. मातृभाषेचा रकाना आला तसे आमचे हे आतूनच म्हणाले, “सगळ्यांची कन्नड लिहा, गुरुजी.” गुरुजी लिहिणार, एवढ्यात तुम्ही हात आडवा धरलात. “माजं आन माज्या लेकाचं कन्नड लिव्हा. सूनबाईचं मराठी. ती काय तोंड मोडनिंबला ठेवून आलं का?” गुरुजी हसले. “आणि नातीचं?” तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. “आईचं भाषा ते मातृभाषा की. मराठी लिव्हा.” घर कन्नड, दार कन्नड, आणि नात मराठी. आमचे हे मग दोन दिवस घुश्शात होते. तुम्ही मात्र त्या संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन कन्नड अंगाई म्हणत होतात, रोजच्यासारखीच. माझं मन या घरात खरं लागलं ते त्या दिवशी.

तर ग्रामसभेचं. यंदा सरपंचपद बाईला राखीव होतं, मी उभी राहिले आणि निवडून आले. तालुक्याला जाणारा रस्ता तुमच्या वेळी होता त्याहून वाईट झालाय. नळाची टाकी बांधून झाली, पाणी आलं नाही. आणि ओढ्यापलीकडच्या कर्नाटकातल्या गावात मात्र गुळगुळीत डांबरी. पोरं चिडली. त्यांच्यातला एक पुढारी, मोटारसायकलींचं गॅरेज चालवतो तो, ठराव घेऊन आला: आपलं गाव कर्नाटकाला जोडा. गावात घरोघरी कन्नडच बोलतात, मग इकडं राहायचं कशाला? मराठी आळीतला एक म्हातारा उठून ओरडला, “ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं, गाव न्हाय हलायचं!” मग दोन्हीकडून आरडाओरडा. गॅरेजवाला पोरगा माझ्याकडे वळला. “सरपंचबाई, तुमी मोडनिंबच्या. तुमाला आमचं काय कळणार?”

मी उभी राहिले आणि कन्नडमध्येच बोलले. म्हणाले, तुझा राग खरा आहे, रस्त्याचा आणि पाण्याचा. तो कागदावर पहिल्या ओळीत येऊ दे. पण गावाची भाषा कोणती, ते माझ्या घरी येऊन सांग. रेघ कुठंही ओढा, ती माझ्या चुलीवरूनच जाणार. तेवढ्यात बायकांतून त्याची आईच उठली. ती मंगळवेढ्याकडची, मराठी. “व्हय रं, तू तिकडं जानार, आन मी? मला हितंच ठिवून जातो का?” सगळी सभा हसली. पोरगाही हसला, मग खाली बसला.

ठराव झाला तो असा: रस्ता आणि पाणी लगेच द्या, आणि दोन्ही शाळांना, कन्नड आणि मराठी, पुरेसे मास्तर द्या. पोरानं हट्टानं शेवटची ओळ घालायला लावली, ऐकलं नाही तर जोडण्याचा ठराव पुन्हा आणू. मी त्यावरही सही केली. त्याचं बरोबर होतं. म्हातारा रागानं निघून गेला, अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल. आता रस्त्यावर खडी पडलीय, पाण्यासाठी मी आणि तो पोरगा आठवड्याला अक्कलकोटला कचेरीत जाऊन बसतो. तो मराठीत भांडतो, मी साहेबाला घाम फोडते. पाणी येईल, मी आणल्याशिवाय राहणार नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मीच मोठ्यानं वाचून दाखवलं असतं आणि एक वाक्य गाळलं असतं. ते इथं लिहिते. गाव कर्नाटकात जायचं ठरलं असतं, तर मीही गावाबरोबर गेले असते, मोडनिंबच्या बाजूला राहिले नसते. माहेरी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.