भिंतीपलीकडे एक बाई राहत होती, याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
नदीकाठ विकास विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आमच्या गावाची माहिती पुरवणे, तसेच पुरात वारलेल्या माझ्या वहिनींची 'अनोळखी स्त्री' अशी झालेली नोंद दुरुस्त करणे.

संदर्भ : १) गावाचा इतिहास व वैशिष्ट्ये कळवण्याविषयी ज्येष्ठ रहिवाशांना आलेले आपले पत्र. २) माझे यापूर्वीचे अर्ज. लेखी उत्तर नाही.

महोदय,

१. नदीकाठच्या नव्या बागेत आमच्या गावाविषयी फलक लागणार असून जुन्या माणसांनी माहिती द्यावी, असे आपले पत्र मिळाले. मी वरच्या आळीत राहतो. वय एकाहत्तर, धंदा धुलाई व इस्त्री. माहिती देत आहे. ती देता देता माझे गाऱ्हाणेही मांडणार आहे, कारण दोन्ही वेगळी काढणे मला जमलेले नाही.

२. आमचे गाव शहराचे कपडे धूत असे. शहर तेव्हा नदीपासून लांब होते. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे मेजपोस, वकिलांचे डगले, सगळी गाठोडी आमच्याकडे येत. खालच्या आळीत भट्ट्या होत्या आणि पाण्याशी प्रत्येक घराचा आपापला दगड होता. वरच्या आळीत इस्त्री चाले. मधल्या माळावर वाळवणाच्या दोऱ्या. कोणाकडे आजारपण आले, कोण प्यायला लागला, कोणाचे नवराबायको वेगळे निजू लागले, हे गाठोडे सोडताच आम्हाला कळे. लोक एकमेकांची लक्तरे वेशीवर टांगतात; आम्ही ती धुऊन, घडी घालून मुकाट्याने परत केली. गावाचे वैशिष्ट्य विचारले आहे म्हणून हेही लिहितो की आमच्याकडे कोणाला हळू बोलता येत नाही. आपटण्याच्या आवाजावर आवाज चढवून पिढ्या गेल्या. आमच्या गावात गुपित सांगायचे तर माणसाला माळाच्या पार टोकाला न्यावे लागे.

३. माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या भावाचे लग्न झाले आणि वहिनी आल्या. त्या सतरा वर्षांच्या, मी पाच वर्षांचा. त्यांना मूल झाले नाही. मला त्यांनीच वाढवले, शाळेत घातले, खळ आणि नीळ किती घालायची तेही शिकवले. त्यांचे हात मनगटापर्यंत कायम निळसर असत, म्हणून गाव त्यांना नीळवहिनी म्हणे. भाऊ गेल्यावरही त्या खालच्या आळीतच राहिल्या. मी खूपदा म्हटले, "माझ्याकडे ये." त्या म्हणाल्या, "तुझ्या दोन खोल्या. त्यात सून, नातवंडं, इस्त्रीचं टेबल. मी कुठं निजू, टेबलाखाली?"

४. पुढे शहर आमच्यापर्यंत आले. इस्पितळाने यंत्रे घेतली, नदीचे पाणी काळे झाले, त्यात धुतलेली चादर कोणी अंगावर घेईना. मग पूरभिंत आली. भिंत नको होती असे मी म्हणत नाही. तिच्यामुळेच माझे घर शाबूत आहे. पण ती माळाच्या मधोमध गेली आणि खालची आळी नदीच्या बाजूला पडली. आपले अभियंते नकाशा घेऊन आले होते. भिंतीत लोखंडी दरवाजा राहील, असे त्यांनी सांगितले. वहिनींनी विचारले, "उघडणार कोण?" सगळे हसले. अभियंते म्हणाले, "आजी, आमचा माणूस असेल."

५. खालच्या आळीतल्या लोकांना इमारतींत खोल्या मिळाल्या. वहिनींना मिळाली नाही, कारण घर माझ्या वडिलांच्या नावावर होते आणि वारसाची चौकशी चालू होती. चौकशी चालूच राहिली. दरम्यान काम पुरे झाल्याचा दाखला देताना खालची सर्व घरे पाडली, असे लिहिले गेले. तेव्हापासून कागदावर नसलेल्या घरात माझ्या वहिनी चूल पेटवत होत्या.

६. दरवाजावर काही महिने माणूस होता. त्याची बदली झाली आणि सुरक्षेच्या कारणास्तव कुलूप लागले. मग मी डबा घेऊन पुलापर्यंत बसने आणि तिथून भिंतीच्या टोकाला असलेल्या आपल्या पंपघरामागच्या चिखलातून जात असे. गुडघे धरले की जाणे होत नसे. अशा दिवशी आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत असू. समोरच्या उंच इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली आणि सार्वजनिक ठिकाणी आरडाओरडा केल्याबद्दल मला आपल्याच विभागाची नोटीस आली. तिच्यात 'पलीकडील व्यक्तीसही समज द्यावी' असे वाक्य आहे. त्याकडे आपले विशेष लक्ष वेधतो. नोटीस काढताना पलीकडे व्यक्ती होती.

७. पुराच्या दिवशी सकाळीच वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला. मी भिंतीपाशी धावलो. वहिनी म्हणाल्या, "ओट्याला लागलंय. तू घाबरू नको." चिखलाची वाट पाण्याखाली गेली होती, म्हणून दरवाजाची किल्ली मागायला पंपघरावर गेलो. तिथला पहारेकरी भला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, "काका, किल्ली मुख्य कार्यालयात. आणि पलीकडे कोणी नाही असं लिहून आलंय."

मी म्हटले, "अरे, आत्ता तिच्याशी बोलून आलोय."

"लिहून आलंय ना, पण," तो म्हणाला.

मुख्य कार्यालयात गेलो, तर अर्ज करा म्हणाले. केला. शिक्का मिळाला. साहेब पुराच्या बैठकीत होते. बचावाच्या होड्यांसाठी फोन केला, तर यादीतल्या वस्त्या आधी, असे उत्तर आले. मी परत भिंतीपाशी आलो तोवर पलीकडून पाणी दरवाजाच्या निम्म्यावर चढले होते.

८. हा परिच्छेद मी मागच्या अर्जांत लिहिला नव्हता. आमच्या आळीतला वेल्डिंगवाला दरवाजा कापायला यंत्र घेऊन आला, तेव्हा आमच्याच लोकांनी त्याला धरले. दरवाजा उघडला तर पाणी वरच्या आळीत शिरले असते. धरणाऱ्यांत माझा मुलगा होता. माझी सून पोरांना घेऊन मागे उभी होती. त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही, आणि तेव्हापासून मी त्यांच्याशी धड बोलूही शकलेलो नाही. गलका ऐकून वहिनी पलीकडून ओरडल्या, "दार उघडू नका रे! पोरं आहेत तिकडं." शिडी लावली, मी वर चढलो. त्या कौलांवर बसल्या होत्या. दोर टाकला, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. पुन्हा टाकला. त्या म्हणाल्या, "राहू दे. दोर धरायला हातात जोर असता तर अजून चादरी पिळल्या असत्या." मग लोकांनी मला खाली उतरवले, आणि मी खालून हाका मारत राहिलो. त्या ओ देत होत्या. एकदा म्हणाल्या, "इस्त्री बंद करून आलास ना?" मी हो म्हटले. मला आठवत नव्हते. अंधारू लागेपर्यंत ओ येत होती. नंतर आली नाही.

९. पाणी ओसरल्यावर त्या पंपघराच्या झडपेशी सापडल्या. इस्पितळाने 'अनोळखी स्त्री' लिहिले. मी ओळख पटवली, अंत्यविधी केला, पण नोंद तशीच राहिली. आपल्या विभागाचे म्हणणे असे की, भिंतीपलीकडे वस्ती नसल्याने सदर स्त्री वरच्या अंगाच्या एखाद्या गावातून वाहत आली असावी. ती तिथली नाही असे त्या गावांकडून लिहून आणावे. महोदय, मी तेही केले. गुडघे बांधून नदीकाठची गावे फिरलो आणि माझी वहिनी तुमची नाही ना, असे दारोदार विचारले. एका गावात एकाची आई बेपत्ता होती. मला पाहून तो धावत आला. मी निळसर हात सांगितले. तो मटकन खाली बसला. मग म्हणाला, "तुमची सापडली तरी, काका." त्यानेच मला पाणी दिले आणि गावाच्या सरपंचाकडून दाखलाही मिळवून दिला. दाखले जोडले आहेत. ते पोचल्यावर आपल्याकडून सांगण्यात आले की, ती इतर गावांची नव्हती यावरून ती या गावची होती हे सिद्ध होत नाही.

१०. दरम्यान फलकाचा मजकूर तयार असल्याचे समजले. त्यात 'येथील कष्टाळू रहिवाशांनी स्वखुशीने स्थलांतर केले' असे आहे. दरवाजा आता दिवसभर सताड उघडा असतो. फिरायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी तिथे माणूसही बसवला आहे. मी अजून त्यातून गेलेलो नाही.

११. सबब विनंती. 'स्वखुशीने' हा शब्द काढावा. नोंदीतील 'अनोळखी' खोडून तिथे माझ्या वहिनींचे नाव घालावे. हे होणार नाही, हे मी आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसून बसून जाणले आहे. म्हणून शेवटची विनंती वेगळी करतो. तिला ना पुरावा लागेल, ना चौकशी. भिंतीपलीकडे कोणीही राहत नव्हते हेच जर खरे असेल, तर त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मला ओ कोण देत होते, एवढे कार्यालयाने लेखी कळवावे.

उत्तराची आशा नाही. तरी पत्ता खाली दिला आहे.

आपला नम्र,
(सही)
धुलाईवाला, वरची आळी, भिंतीलगतचे शेवटचे घर

दिनांक : १७ सप्टेंबर

सोबत :
१) आरडाओरड्याच्या नोटिशीची प्रत
२) पुराच्या दिवशी केलेल्या अर्जाची शिक्क्याची पोच
३) वरच्या गावांचे, सदर स्त्री आमची नव्हे असे दाखले