मेलबॉक्स भरलाय

कोन गाव, मंगळवार संध्याकाळ, २००३

मस्कतहून दादाचा फोन आला. "माझे मेल परत येतात. बाबा गेले तेव्हा आलो नाही, म्हणून राग आहे ना?"

राग कसला! मेलबॉक्स भरलाय. आईच त्याचा एकही मेल पुसू देत नाही. शेवटी तिला घेऊन भिवंडीला सायबर कॅफेत गेले. स्क्रीनवर पुन्हा तेच, मेलबॉक्स भरलाय. तिला म्हटलं, फोटोच जागा खातात, एखादा तरी काढू दे. त्यातच बाबांचा शेवटचा फोटो, दादाने मागच्या सुट्टीत काढून पाठवलेला. आई त्याच्याकडे बघतच राहिली. मी दाखवायला नको होता का?

मग म्हणाली, "पोराचं काय पुसू नको. यांचा फोटू पूस. हे आता न्हाय रागवायचे."