शकुबाईकडे ठेवलेलं प्रस्थान

इचोडा,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास तुळजाअक्काचे अ. उ. आ.

सकाळच्या बसनं भाजीचं पोतं पोचलं. वांगी चांगली आहेत. मेथी मात्र तुझ्यासारखी, वरून ताजी आणि आतून मरगळलेली. रिकामं पोतं दुपारच्या बसनं परत पाठवते आहे, त्यातच हे पत्र आहे. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर माझा फोन स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि दुकानात तो वाजला की अर्धं इचोडा सल्ला द्यायला उभं राहतं. मागे तुला गुडघ्याच्या तेलाचं विचारलं, ते ऐकलेला एक ट्रकवाला नागपूरहून अजून चौकशी करतो.

बातमी अशी की प्रणिता हैदराबादहून येऊन गेली. यंदा मला पासष्ट पुरी होतील, तर काय हवं असं लेकीनं विचारलं. मी बोलून गेले की चाळीस वर्षं या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रस्ता सांगते आहे, नागपूर इकडं आणि हैदराबाद तिकडं. आता एकदा मलाही कुणी रस्ता सांगावा. शिवाय समुद्र मी अजून पाहिलेला नाही. कुठला समुद्र, असं तिनं विचारल्यावर मी थट्टेनं म्हटलं, जिथं जूनमध्ये शाल लागते तिथला. पोरीनं ते खरंच मनावर घेतलं.

तर आठ जूनला विमानानं डेन्मार्कात कोपनहेगनला जायचं. तिथं दोन रात्री हॉटेल. मग सात दिवस मोठ्या बोटीवर, नॉर्वेच्या डोंगरांत समुद्र आत घुसला आहे तिथून. बोटीवरून उतरलं की आपली आपण रेल्वे धरून स्वीडनमध्ये स्टॉकहोम, पुन्हा दोन रात्री हॉटेल, आणि परत. टूरवाला नाही, झेंडा धरून पुढं चालणारा नाही. प्रणिताला रजा नाही, पण तिनं सगळं ठरवून कागदावर लिहून दिलं आहे, त्याची नक्कल सोबत जोडते. बोटीतली खोली दोघांची असते. एक मी आणि दुसरा तू. हे विचारत नाही, कळवते आहे.

लोभ आहेच, पोतं शनिवारी भरून यावं.

तुझी अक्का


उटनूर,
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास अमृताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वांग्यांना पाणी द्यायचं राहिलं. आठ जून म्हणजे मृग लागायची वेळ. माणूस त्या दिवशी आभाळाकडं बघतो, विमानाकडं नाही. पेरणी कोण करील?

दुसरं, हॉटेलचं. आपल्या रस्त्यावरच्या हॉटेलात माणूस चहा पितो, आणि रात्री राहतो तो लॉज. तिथं ट्रकवाले कसे राहतात हे तू समोरूनच बघतेस. पासष्टाव्या वर्षी बहिणीला लॉजात ठेवलं असं उटनुरात झालं तर मी तोंड कुठं दाखवू? त्या देशात आपल्याकडचं कुणी ओळखीचं निघालं तर बघ. चार दशम्या बांधून नेल्या की पाहुण्याकडं दोन रात्री सहज निघतात.

तिसरं, प्रणिताच्या कागदावर लिहिलं आहे की वाटेत गाडी बदलायला बारा मिनिटं. बारा मिनिटांत तर आपण डबा कुठं लागतो यावर भांडून होत नाही. एकंदरीत पाहता तू दुसरा कुणी सोबती बघावास. लोभ कमी करू नये, हा नकार वयानं लहान आहे असं समजावं.

तुझा अमृत


इचोडा,
शनिवार, १ मार्च २०२५

चि. अमृत यास अ. उ. आ.

पेरणी तुझा अमर करणार आहे. मी त्याला परस्पर विचारलं. पोरगा म्हणाला की बाबा पंधरा दिवस नसले तर पेरणी सरळ रेषेत तरी होईल. ओळखीच्यांकडं उतरायचं तू मनातून काढ. दूतावासाला हॉटेलांच्या चिठ्ठ्याच दाखवाव्या लागतात, दशम्या नाही. आणि त्या लॉजात सकाळी फुकट न्याहारी असते. पाव, चीज आणि मासे! सकाळी सकाळी मासे! आपण पाव खाऊ आणि माशांकडं पाठ करून बसू.

माझी अडचण वेगळीच आहे. चौदा जूनला संकष्टी आहे, तेव्हा आपण बोटीवर. तिथं रात्री अकरापर्यंत सूर्यच बुडत नाही म्हणे. मग चंद्र कधी उगवायचा आणि मी उपास कधी सोडायचा? प्रणितानं मोबाइलवर पाहिलं आणि तिलाच घाम फुटला. शेवटी मी ठरवलं की इचोड्यात चंद्र उगवला की तिकडं जेवायचं. गणपती आपल्या गावचा आहे, त्याला इकडचीच वेळ कळते.

पुढच्या आठवड्यात पासपोर्टाच्या फोटोला जा. दाढी करून जा. आणि लोभ राहू दे, तो फोटोतही दिसू दे.

तुझी अक्का


उटनूर,
शनिवार, १२ एप्रिल २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हैदराबादेत व्हिसाच्या कचेरीत माझं काय झालं ते तू पाहिलंसच, तरी लिहितो, कारण मला अजून हसू येतं. त्या यंत्राला माझ्या बोटांचे ठसेच दिसेनात. चाळीस वर्षं वांग्याचे काटे काढून बोटं गुळगुळीत झाली, याला मी काय करू? त्या मुलीनं चार वेळा बोटं पुसली आणि मग विचारलं की तुम्ही नक्की आहात ना. तू पिशवीतून खोबरेल काढून चोळलंस म्हणून मी सरकारदरबारी शिल्लक राहिलो.

काल व्हिसा आला. खरं सांगतो, बरं वाटलं. अमरनं अंगणात दोन बाजा टाकून त्याचे दोन फलाट केले, आणि बॅग घेऊन बारा मिनिटांत एकावरून दुसऱ्यावर जायचा सराव करून घेतला. मी चार मिनिटांत पोचलो. म्हैस मध्ये आली नसती तर तीन लागली असती.

लोभाची गाडी चुकू देऊ नये.

तुझा अमृत


उटनूर,
बुधवार, १४ मे २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे. अक्का, मी येत नाही.

पेरणीचं निमित्त करणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोललो की माझं पोट दुखतं. काल अमरनं त्या बोटीचा व्हिडिओ दाखवला. वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव आहे. खाली पाणी, वर पाणी, मधल्या खोलीत मी. मी व्हिडिओ मध्येच बंद करायला लावला. तुला आठवत असेल, पाच वर्षांचा असताना पाटी गिरवायला मला बासरच्या सरस्वतीला नेलं होतं आणि मी गोदावरीच्या घाटावरून घसरलो. सरस्वतीनं अक्षर दिलं की नाही ठाऊक नाही, भीती मात्र दिली. त्यानंतर मी बासरला गेलो नाही, नावेत बसलो नाही. न्हाणीत बादलीसुद्धा अर्धीच भरतो. एकसष्टाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते. तुझ्या आनंदात मी खोडा घातला. रागावलीस तरी चालेल, पण पोतं परत पाठव.

तुझा भित्रा भाऊ,
अमृत


इचोडा,
शनिवार, १७ मे २०२५

चि. अमृत यास अ. उ. आ.

वेड्या, रागावू कशाला? बासरला तुझी शेंडी धरून वर ओढणारी मीच होते. नऊ वर्षांची होते. तू वर आलास आणि पहिल्यांदा शेंडी दुखली म्हणून मला चावलास. घाबरलेल्या माणसाला मी तेव्हापासून ओळखते.

पण मी जाणार आहे. प्रणिता म्हणाली, मामा नाही तर तूही नाही, एकटीला पाठवणार नाही. मी तिला सांगितलं की या रस्त्यावर रात्री-अपरात्री आलेल्या ट्रकवाल्यांशी मी एकटीनं हिंदी-तेलुगूत भांडून दुकान चालवलं, तिथं डेन्मार्काचं काय घेऊन बसलीस. दोन दिवस ती फोनवर भांडली, मग कबूल झाली. तुझं तिकीट तिनं रद्द केलेलं नाही. तुझ्या पलंगावर मी बॅग झोपवीन.

आता मुहूर्ताचं. आपल्या भटजी बापूजींनी पंचांग पाहिलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूल आहे, आणि डेन्मार्क नेमकं पश्चिमेला. त्यांनी तोड काढून दिली की बुधवारी चार जूनला प्रस्थान ठेवायचं. प्रवासाची एक वस्तू हळदकुंकू-सुपारी घालून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली की आपण त्या दिवशीच निघालो असं धरतात. मग ती परत घरी आणायची नाही, तिथूनच उचलून वाटेला लागायचं. समोरच्या शकुबाईकडे ठेवते.

माया होती तशीच आहे, शेंडी असो वा नसो.

तुझी अक्का


इचोडा,
शुक्रवार, ६ जून २०२५

चि. अमृत यास अ. उ. आ.

आज पोत्याचा वार नाही. हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. डोळ्यांत पाणी येतं आहे, अक्षर वेडंवाकडं झालं तर समजून घे.

बुधवारी प्रस्थान ठेवलं. बापूजी म्हणाले होते की प्रवासाला लागणारी मुख्य वस्तू ठेवावी. मी मुख्यच ठेवली. पासपोर्ट, विमानाचं तिकीट, बोटीचा कागद, रेल्वे आणि हॉटेलच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत घालून, वर सुपारी ठेवून शकुबाईच्या देव्हाऱ्याजवळ. लोक शाल ठेवतात, लुगडं ठेवतात. मला मेलीला वाटलं, नीट ठेवावं.

काल सकाळी शकुबाई नातवाची पाटी गिरवायला बासरला गेली. घराला हे भलंमोठं कुलूप. फोन तिचा आतच चार्जिंगला लावलेला, खिडकीतून वाजताना ऐकू येतो. ती सोमवारी येणार, आणि माझं विमान रविवारी. कुलूपवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला की मालकीण नसताना मी हात लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. शिवाय कुलूप तोडून प्रस्थान काढलं तर तो प्रवास कसा लागायचा?

प्रणिताला अजून सांगितलं नाही. आज सांगेन. चाळीस वर्षं लोकांना रस्ता सांगितला आणि स्वतःचा रस्ता शकुबाईच्या घरात कोंडून ठेवला. समुद्र नव्हताच नशिबात. तू मनाला लावून घेऊ नकोस, उलट तुझी सुटकाच झाली. उद्या वांगी थोडी कमी पाठव. जेवायचं मन नाही.

तुझी अक्का


उटनूर,
शनिवार, ७ जून २०२५, सकाळ

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पोतं सावकाश रिकामं कर, एकदम ओतू नकोस. वांग्यांच्या वरच एका फडक्यात शकुबाईच्या घराची किल्ली बांधली आहे.

काल तुझं पत्र दहाला मिळालं आणि मी साडेदहाच्या गाडीनं बासरला निघालो. देवळात विचारलं तर पाटी गिरवून झाली होती आणि मंडळी नदीवर गेली होती. घाटावर विचारलं तर शकुबाई नातवाला घेऊन नावेत. नाव पार मध्यभागी. माझी परतीची शेवटची बस पाऊण तासात होती, आणि नावाडी म्हणाला की त्या नावेला यायला तासभर लागेल. मी त्याच पायरीवर उभा होतो, अक्का. ती पायरी मला लगेच ओळखू आली.

मग मी दुसऱ्या नावेत बसलो. बसलो म्हणजे नावाड्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. त्यानं तेलुगूत समजावलं, मग रागावला, मग त्यानं गुडघ्याचा नाद सोडला. शकुबाईनं लांबूनच आरोळी दिली की अमृतराव, तुमी पाण्यात काऊन येऊन राह्यले. नाव नावेला लागली. किल्ली तिच्या पदराच्या गाठीत, आणि गाठ सुटेना. शेवटी मला उभं राहून हात लांब करावा लागला. मी नावेत उभा राहिलो, डोळे उघडे ठेवून. पाणी पाहिलं. ते तेच होतं, फक्त मी आता पाच वर्षांचा नव्हतो. भीती गेली असं म्हणत नाही, पण ती सोबत घेऊन बसता येतं एवढं कळलं.

आता दुसरी गोष्ट. वांग्यांच्या खाली हात घाल. माझी कापडी पिशवी आहे. त्यात एक सदरा, धोतर, कानटोपी आणि वर सुपारी. हे माझं प्रस्थान. तुझ्या देव्हाऱ्याजवळ ठेव. अमरला विहिरीची मोटार आणि म्हशीचा स्वभाव समजावून मी दुपारच्या बसनं येतो, संध्याकाळी बरोबरच हैदराबादला निघू. पासपोर्ट मात्र माझ्या बंडीच्या खिशातच आहे. तो प्रस्थानात ठेवायला मी काही तुळजाबाई नाही.

ठेवलेलं प्रस्थान परत घरी आणायचं नसतं हे तूच कळवलंस, तेव्हा आता माझाही इलाज चालत नाही. लोभ असावा. रिकामं पोतं परत पाठवू नकोस, त्यात दशम्या भर.

तुझा अमृत

ता. क. माझी शेंडी जाऊन वीस वर्षं झाली. बोटीत चढताना हात धर.