स्प्रिंगची कॅरिसला, हवेची आयव्हरला

हो, शुद्धीत आहे मी. सकाळी अंडं उकडलं, खाल्लं, आणि काल मंगळवार होता हेही मला ठाऊक आहे. आणखी काय पाहिजे वकीलबाई तुम्हाला? लिहू आता?

मी, बेरिल प्रॉबर्ट, विल्फ्रेड प्रॉबर्टची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार चर्च लेन, ब्रॉकवेल, हेरफर्डशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी माझा हात धरलेला नाही. धरायला आता कोणी उरलेलंही नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. एकच केलं होतं, आणि त्यात सगळं विल्फला होतं.

डोळ्यांचं म्हणाल तर मला मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. म्हणून जाड पेन आणि भिंग घेऊन बसलेय. ओळी वाकड्या आल्या तर दोष डोळ्यांचा, डोक्याचा नाही.

कलम एक. घर माझी मुलगी जिलियन हिला. तिने ते विकलं तरी चालेल, मी काही भूत होऊन येणार नाही. फक्त स्वयंपाकघरातल्या दाराच्या चौकटीवर कॅरिसची उंची पेन्सिलीने लिहिलेली आहे, त्यावर रंग मारायचा नाही. विकत घेणाऱ्याला पटलं नाही तर चौकट काढून न्यावी.

कलम दोन. पोस्टात जे काही साठलंय ते जिलियन आणि तिची मुलगी कॅरिस यांना अर्धं अर्धं. भांडू नका. भांडण्याइतकं नाहीये.

कलम तीन. विल्फची हत्यारं, म्हणजे कुंपणाचे तिन्ही कोयते, लाकडी हातोडा आणि कातडी हातमोजे, जावई नायजेल याला. चाळीस हिवाळे विल्फने या भागातल्या शेतांची कुंपणं विणली. झुडपाचं खोड अर्धं कापायचं, वाकवायचं, शेजारच्यात गुंतवायचं. नायजेल, बाबा, तू कोयत्यांना हात लावू नकोस. भिंतीवर टांग आणि लांबून बघ. बोटं दहाच असतात.

कलम चार. शेजारच्या मिसेस टिपिंग यांना माझ्याकडून काही नाही. त्यांनी माझ्या मांजरावर पाणी ओतलं होतं. मी मनात ठेवलेलं नाही, फक्त इथे लिहून ठेवलंय.

कलम पाच. रंगाचा ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा प्लाऊ पबच्या नेमबाजांच्या टीमला. याबद्दल जरा जास्त लिहावं लागेल.

प्लाऊच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी घंटेवर नेम धरतात. लोखंडी पत्रा, मध्ये करंगळीएवढं भोक, भोकामागे घंटा. सहा यार्डांवरून उभ्याने छर्रा मारायचा. भोकातून गेला तर घंटा वाजते, पाच गुण. नाहीतर पत्र्यावरच्या रंगात डाग पडतो आणि डाग कुठे आहे त्यावर चार, तीन, दोन. प्रत्येक छर्र्यानंतर कोणीतरी पुढे होऊन डाग रंगाने बुजवायचा असतो. बावीस वर्षं ते कोणीतरी म्हणजे मी. पत्र्याच्या बाजूच्या स्टुलावर बसून मी ओरडायचे, "चार! वर गेला. विल्फ, झोपलास का रे?" आणि खोली हसायची. समोरच्या टीमचा माणूस चुकला की म्हणायचे, "राहू दे बाळा, घंटा काही पळून जात नाही." निम्मे लोक माझ्या जिभेला भिऊनच चुकायचे.

मग माझ्या डोळ्यातलं मधलं गेलं. पत्र्यावर मला सगळं दिसायचं, फक्त भोक आणि डाग सोडून. एका गुरुवारी मी दोनला चार म्हणाले. पुढच्या आठवड्यात स्टुलावर दुसरी बाई होती. मी ब्रश घरी घेऊन आले. चोरीच म्हणा. तो आता परत देते.

त्यानंतर विल्फ एकटाच जायला लागला. मी घरी.

कलम सहा. विल्फची स्प्रिंगची बंदूक नात कॅरिस हिला. कॅरिस, तू गेल्या महिन्यात फोनवर विचारलंस, "आजी, प्लाऊच्या टीममध्ये घेतायत मला. स्प्रिंगची घेऊ की हवा भरायची?" मी म्हटलं, "विचार करून सांगते." विचार करून झाला. ऐक.

स्प्रिंगच्या बंदुकीला काही लागत नाही. नळी वाकवायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा, मारायचा. पण चाप ओढला की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक पुढे-मागे उडी मारते. घट्ट आवळलीस तर रुसते, कुठेही मारते. कोंबडी धरावी तशी धरायची, तिलाही कळू नये की आपल्याला धरलंय. आणि घंटा वाजेपर्यंत हलायचं नाही. हे शिकायला विल्फला सहा वर्षं लागली. एका पाळीला सात छर्रे असतात; त्याच्या वहीत सातच्या सात घंटा अकरा वेळा आहेत. वही तुलाच.

हवेच्या बंदुकीत आधीच बाटलीतून हवा भरून ठेवतात. नळी वाकवायला नको, उडी नाही, आवाजही मेला. सगळं माफ करते ती. पण बाटली सांभाळा, दाबाचा काटा बघा, एखादं रबर सुकलं की फुस्स.

आजचा नेम म्हणशील तर हवेची. माणूस शिकायचा असेल तर स्प्रिंगची. विल्फची वापर, शिक. आणि ज्या दिवशी नळी वाकवताना खांदा नको म्हणेल, त्या दिवशी हवेची घे. कोणी हसलं तर हसू दे. घरातलंच कोणी हसलं तर घर बदल.

विल्फच्या घरात हसणारी होती. आयव्हर प्यू, त्याचा शाळेपासूनचा मित्र, टीममध्ये सगळ्यात आधी हवेच्या बंदुकीवर गेला. तेव्हा मी म्हटलं, "विल्फ, तुलाही घे. कवळी बसवलीसच, आता ही पण."

विल्फ म्हणाला, "मी नाही. बाटलीतली हवा पिऊन कसला नेम?"

"मग हात थरथरायला लागले की काय करशील?"

"तुला बोलवीन धरायला."

"मला भोकच दिसत नाही रे म्हाताऱ्या."

हसलो दोघं. चाळीस वर्षं कोयता चालवलेला खांदा मात्र हसत नव्हता. २००९च्या डिसेंबरात एका गुरुवारी विल्फला नळी वाकवता येईना. त्याने गुडघ्यावर घेतली, मांडीत धरली. खोलीतले सगळे आपापल्या ग्लासात बघत राहिले. शेवटी आयव्हर उठला, त्याच्या हातातून बंदूक घेतली, वाकवली, परत दिली. विल्फने घंटा वाजवली आणि घरी आला. कोटसुद्धा न काढता मला म्हणाला, "माझी बंदूक दुसऱ्याने वाकवली, बेरिल."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "हवेची घ्यावी म्हणतो." त्याच आठवड्यात त्याच्या कानावर गेलं की आयव्हर म्हणतोय, "विल्फचं आता झालं. टीमला दुसरा माणूस बघावा लागेल." त्यानंतर विल्फ प्लाऊला गेला नाही. आयव्हरशी बोलला नाही. आयव्हरही आला नाही.

पुढचे चौदा महिने दर गुरुवारी साडेसातला विल्फ कोट घालायचा, दारापर्यंत जायचा, कोट काढून परत अडकवायचा. मी त्याला मटणाचे गोळे आणि वाटाणे करून द्यायचे, प्लाऊमध्ये मॅचनंतर देतात तसेच. "छान झालेत," म्हणायचा. निम्मे ठेवायचा. स्प्रिंग गंजू नये म्हणून महिन्यातून एकदा तेल घालायचा आणि बंदूक न वाकवता ठेवून द्यायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये गेला. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. लिहू देत.

अंत्यविधीला आयव्हर चर्चच्या फाटकापर्यंत आला. टोपी हातात घेऊन पावसात उभा राहिला. आत आला नाही. जिलियन म्हणाली, "आई, किती अडेल माणूस आहे बघ." मी म्हटलं, "राहू दे गं."

कलम सात. जिन्याखालच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे, हिरव्या पिशवीत एक हवा भरायची बंदूक आहे, सोबत हवेची बाटली. ती आयव्हर प्यू, मिल कॉटेज, याला द्यावी. ती त्याचीच आहे. बाटली जुनी आहे, तपासून घेतल्याशिवाय भरू नये. जिलियन, पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः जाऊन दे. चहा दिला तर पी. आणि हा शेवटचा कागद त्याला पूर्ण वाचून दाखव. त्याचेही डोळे आता माझ्यासारखेच आहेत. कालच औषधाच्या दुकानात दिसला. मला म्हणाला, "बरी आहेस ना बेरिल?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरी." एवढंच जमलं.

कलम आठ. मला विल्फच्या शेजारी, त्याच्या डाव्या बाजूला पुरावं. उजवा खांदा दुखरा होता.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिलं आहे आणि खालच्या दोघांसमोर सही करते. त्यांना वाचायला दिलेलं नाही, मार्जरीने दोनदा मान उंचावून पाहिली तरी.

सही: बेरिल प्रॉबर्ट
साक्षीदार: मार्जरी लॉइड, पोस्ट ऑफिस, ब्रॉकवेल
साक्षीदार: डेनिस हॉजेस, निवृत्त पोस्टमन, चर्च लेन
ठिकाण: ब्रॉकवेल. तारीख: ९ मार्च २०२२

वकीलबाई म्हणाल्या, सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही. म्हणून हे खाली लिहितेय. साक्षीदार घरी गेलेत.

आयव्हर, तू तसं काही म्हणालाच नव्हतास. त्या शनिवारी विल्फ खांदा दाखवायला दवाखान्यात गेला होता. तू तुझी दुसरी बंदूक आणि बाटली घेऊन दारात आलास आणि म्हणालास, "त्याला दे. उधार नाही, भेट. सांग, त्याच्याशिवाय गुरुवार होत नाही." मी तुला चहा दिला आणि हो म्हणाले. तू गेल्यावर ती मी जिन्याखाली ठेवली. विल्फ आल्यावर ते "विल्फचं आता झालं" मीच बनवून सांगितलं. तुला वाटलं, विल्फने भेट ठेवून घेतली आणि आभाराचा एक शब्द टाकला नाही. त्याला वाटलं, तू त्याला काढून टाकलंस. तुम्हा दोघांना काही माहीत नव्हतं. मला होतं. त्याच्या हातात ती बंदूक गेली असती तर आणखी दहा वर्षं तो दर गुरुवारी माझ्याशिवाय गेला असता. मला तो घरात हवा होता.