एका छपराचा विमा

तेरखेडा, १२ फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप बलभीमदादांस धाकट्या सरूचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून बोटं वळत न्हाईत. आमच्या सोसायटीच्या बारा घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. भिंतीला भिंत, अंगण एक, चूलबी एकच. पण पत्र्यासाठी बँक उरलेलं कर्ज देईना; आधी आगीचा विमा काढा म्हणती. विम्याचे साहेब बघून गेले. विहीर कोरडी अन् गाव फटाक्याचं, म्हणून त्यांनी असा हप्ता सांगितला की आमचे चेअरमन, म्हंजी तुमचे दाजी, त्या दिवशी जेवले न्हाईत. तुम्ही विम्याच्या कचेरीत हाव, काही वाट काढा. वहिनींना विचारा, कबूल केलेली चादर बी दुष्काळात आटली का?

माया असू द्यावी, ही विनंती.
तुमची सरू

सोलापूर, २६ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. सरूस दादाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

चादर बांधून ठेवली आहे. नणंद विसरायची नाही, असं तुझी वहिनी म्हणते. साहेबांना भेटलो. बाराजणांनी वेगवेगळे विमे काढण्याऐवजी संस्थेच्या नावानं एकच काढा, हप्ता निम्म्यावर येईल. पण हद्दीत दारूकाम चालणार नाही. अंगणात फटाक्यांच्या पुंगळ्यांत दारू भरणारी एक बाई साहेबांनी पाहिली आहे. तिला समजावून सांगा, किंवा तिचं काम हद्दीबाहेर न्या. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

दाजींना जयभीम. प्रकृतीला जप.
बलभीम

तेरखेडा, २० मार्च १९७३

ती. दादांस सरूचा जयभीम वि. वि.

ती बाई म्हंजी आमची मालन. पायानं अधू, म्हणून खडीवर घेत न्हाईत. नवरा वारला, सासू भिमाबाई डोळ्यांनी आंधळी. दोघींचं पोट त्या पुंगळ्यांवर. लिंबाखाली बसायची, तवा आम्हा बायांचं तिच्याकडं ध्यान असायचं. ती उठंस्तवर चूल पेटवत नव्हतो. सभेत तिनं एवढंच विचारलं, की म्या सोसायटीची हाय का न्हाय. मग यांनी ओढ्याकाठची पडकी खोली दाखवली. तिची चटई म्याच नेऊन टाकली. खोलीला खिडकी न्हाय, दादा. साहेब पुन्हा येऊन बघून गेले, खूश झाले.

पत्र धाडत जावा.
सरू

सोलापूर, २ मे १९७३

चि. सरूस आशीर्वाद.

दाजींची तार पोचली. मालनबाई गेल्या, हे वाचून हातातलं काम तसंच राहिलं. भिमाबाईंना काही मिळेल का, म्हणून साहेबांकडं दोनदा गेलो. विमा घरांचा आहे, माणसांचा नाही. शिवाय ती खोली हद्दीबाहेर, असं ते म्हणाले. तुमची पॉलिसी मंजूर झाली. सोबत पाठवतो आहे.

सांभाळून राहा.
बलभीम

तेरखेडा, २८ मे १९७३

ती. दादांस सरूचा जयभीम.

पॉलिसी पोचली, पत्रेबी चढले. मालन गेली त्या दिवशी वारं लई व्हतं. दारू उडू नये म्हणून मालननं खोलीचं दार आतून लावलेलं. आवाज ऐकून धावलो तर दार तापलेलं, हात लावू देईना. पाणी कुठलं, ओढ्यातली वाळू ओंजळीनं टाकली. दार तुटलं तवा ती जित्ती व्हती. तिनं मला वळखलं. दवाखान्याची गाडी यायच्या आत गेली.

भिमाबाई तवापासनं आमच्या चुलीवरची भाकर घेत न्हाईत. शेजारच्या गावातली भाची दिसाआड येऊन रांधून जाती. काल म्या ताट घेऊन गेले. त्यांनी विचारलं, तुमची घरं आता सुखरूप हायत न्हवं. म्या व्हय म्हणाले. तर म्हणाल्या, मग ताट घरी ने, बाई.

दादा, याचं उत्तर तुम्ही लिहू नका. नुसती खुशाली कळवा.
सरू