गोळी घेऊन गाडी चालवली

मंगळवार, संध्याकाळ

काल पोलिसांनी माझं रक्त तपासणीला घेतलं. बायको म्हणते, "दारू तर पिली न्हाई ना, मंग कशाला भिता?" पण कंबरेची गोळी घेतल्ती. गोळीनं झोप येते, गाडी चालवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. ऐकलं होतं मी. तरी कामावर निघालो. एमआयडीसीच्या वळणावर डोळा लागला आणि पायी चाललेल्या सुमनबाई नावाच्या एका बाईंना धडकलो. पाय मोडला त्यांचा. आता गुन्हा दाखल होईल का?

दुपारी दवाखान्यात गेलो. त्यांच्या नवऱ्यानं माझा हात धरला. "तुम्ही थांबलात भाऊ. दुसरा पळून गेला असता."

राहवलं नाही. गोळीचं सांगून टाकलं. त्यांनी हळूच हात सोडला.

उद्या पोलीस ठाण्यातही हेच सांगायचंय. गोळ्यांचं पाकीट आत्ताच शर्टाच्या खिशात ठेवलंय.