ओंडके फोडायच्या यंत्राचा वारस

मी, पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर असलेला, कामगारांत 'कवी' म्हणून ओळखला जाणारा, वय एकोणऐंशी, हे माझ्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, कंबर नाही. दडपण कोणाचं नाही. उलट सगळे "राहू द्या ना बाबा" म्हणतात, म्हणूनच लिहितो.

१. राहतं घर धाकटीला, म्हणजे माझ्या मुलीला. जिन्याची तिसरी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. बायको होती तेव्हा तिची चाहूल मला त्या पायरीनेच लागायची.

२. शाळेतली कवितांची वही नातीला. गुरुजी चालीवर म्हणू लागले की खिडकीबाहेरचं झाडसुद्धा मान डोलवायचं. वही तोंडपाठ करावी, शोभेला ठेवू नये.

३. शेड, पाने, हातोड्या आणि मी स्वतः जुळवलेलं ओंडके फोडायचं हायड्रॉलिक यंत्र भाच्याला. थोरल्या मुलाला यातला एक नटसुद्धा मिळू नये.

४. कारण लिहून ठेवतो, मागाहून कुजबुज नको. मागच्या हिवाळ्यात थोरल्याने पहिल्यांदाच यंत्राच्या टाकीत तेल भरलं. दुसऱ्या दिवशी मी ओंडका लावला, तर पाचर गचके खात पुढे जाते, मध्येच अडते. पाचर ढकलणारा दांडा मागे घेतला आणि टाकीच्या तोंडातून, दूध उतू जावं तसा, फेस फरशीवर. बंद करायला धावलो, घसरलो, कंबरेचं हाड मोडलं. तेल मोजपट्टीवरच्या खुणेच्या चार बोटं वर! फिटरच्या पोटी हा दिवटा! विचारलं तर म्हणतो, "बाबा, तुम्ही शिकवलंत तस्संच भरलं." चोर तो चोर, वर शिरजोर. वर शेडला कुलूप ठोकलं. "आता तुम्ही इकडे फिरकायचं नाही." चौदा महिने मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो रोज कुऱ्हाडीने लाकडं फोडून माझ्या शेगडीपाशी रचून जातो. मी तिकडे बघतही नाही.

५. मी काय शिकवलं ते शेडच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. मुलं लहान होती तेव्हा रचलं:

दांडा पूर्ण पुढे सार,
मग उघड टाकीचे दार;
पट्टी काढ, पुसून पाहा,
फेस विरेतो उभा राहा.

याहून सोपं काय सांगायचं? कानात बोळे घातले होते काय?

६. इथवर लिहून साक्षीसाठी कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, वेल्डरला, वाचायला दिलं.

"कवी, ही पहिली ओळ तुमची?"

"मग काय तुझ्या आजोबांची?"

"अहो, दांडा पुढे गेला की तेल नळकांड्यात जातं. टाकीत कमीच दिसणार. तेव्हा वरून भरलं, तर दांडा मागे आल्यावर ते जाणार कुठे?"

"मला शिकवतोस? चौतीस वर्षं मी..."

आणि मी ती ओळ पुन्हा एकदा म्हणून पाहिली. 'दांडा मागे घे' हेच बरोबर. तेव्हाही ठाऊक होतं. पण 'दार'शी 'घे' जुळेना, म्हणून 'पुढे सार' केलं. मी स्वतः ती ओळ कधी पाळली नाही, हाताला सवय होती. पोराने मात्र शब्दन् शब्द पाळला.

७. कलम ३ रद्द. शेड, यंत्र, हत्यारं थोरल्याला. भाच्याने रुसू नये, त्याला कुदळ आणि खुरपं धरता येत नाही, यंत्र काय धरणार. कलम ४ खोडू नये, वाचता येईल असंच ठेवावं. माझी लाज माझ्या अक्षरात राहू दे. कुलपाचा राग मात्र कायम आहे. किल्ली आजच हवी.

८. भिंतीवरची पहिली ओळ थोरल्याने माझ्या डोळ्यांदेखत पुसावी, मरणाची वाट बघू नये. तिथे लिहावं: दांडा पूर्ण मागे घे. यमक जुळवायला जाऊ नये.

सही: कवी
ठिकाण: शेडच्या बंद दारासमोरची खुर्ची
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा

साक्षीदार १: वेल्डर. वाचून, पटून सही केली.

साक्षीदार २: समोरच्या घरातल्या नर्सबाई. सही माझ्यासमोर झाली. सही होताच कवींनी थोरल्याला हाक मारली, तीही खेकसूनच. तो कुऱ्हाड टाकून धावत आला.